पालवीचा काढा

नेवऱ्याच्या खालच्या वाडीत दर्शना शिवलकरला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. शाळेतल्या पोरांचा पोषण आहार ती शिजवायची. वाडीत लग्न-बारसं निघालं की भाताच्या टोपाशी तीच उभी, आणि कुणाला कसर आली, खोकल्यानं धरलं, पोट बिघडलं की हाक तिच्याच मागीलदारी यायची. "दर्शना, वायच काय तरी उकळून दे गो." मग ती अडुळशाची पानं म्हणू नका, कुड्याची साल म्हणू नका, असलं काहीबाही उकळून पेला भरून पुढे करायची. हे तिला आईकडून आलं होतं. "बरं वाटलं हां" एवढं सांगायला कुणी परत आला की तिचा तो दिवस छान जायचा.

तिचा नवरा भागोजी आंब्याच्या बागांत औषध मारायचा. आपल्याकडे फवारणीला औषध मारणंच म्हणतात. पालवी आली की तुडतुड्यांच्या किडीवर मारायचं, मोहोर आला की भुरीच्या रोगावर, आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा एकदा. हरिश्चंद्र पटवर्धनांच्या कातळावरच्या बागेत तो लग्नाआधीपासून होता. पंपाची लांब नळी खांद्यावर टाकून कलमाखाली उभा राहिला की वरून तुषार खाली येत आणि तो भिजून जाई. डोक्याला टॉवेल असायचा. तोंडाला रुमाल बांधला तर बांधला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या कपड्यांना एक उग्र वास यायचा. इतक्या वर्षांत दर्शनाला तो औषधाचा वाटेनासा झाला होता, नवऱ्याचाच वाटायचा.

भागोजी अंगानं काटक. पोट सुटलेलं नाही, गोडाची आवड नाही, सणाच्या पुरणपोळीलाही "अर्धी पुरे" म्हणणारा. म्हणून त्या वर्षी तो वाळायला लागला तेव्हा कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. पाणी खूप प्यायचा, तर म्हणे कातळावर ऊन लागतं. रात्री उठायचा, तर म्हणे पाणी पितो म्हणून उठतो. मार्गशीर्षात एका सकाळी मोहोरावर फवारणी चालू असताना त्यानं हातातली नळी सोडली आणि कलमाच्या बुंध्याशी बसला तो उठेचना. डोळ्यांपुढे धुकं आलं म्हणाला. बागेतल्या दोघांनी मिळून त्याला रिक्षात घातला आणि रत्नागिरीत डॉक्टर देवदत्त आगाशे यांच्याकडे नेला.

तोवर दर्शना शाळेतली चूल तशीच टाकून पोचली होती. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली, मशीनकडे बघितलं, आणि खात्री करायला दुसरं बोट टोचलं.

"भागोजी, साखर चारशेच्या वर आहे. मधुमेह आहे तुम्हाला. किती वर्षं आहे?"

"मला?" भागोजीनं मागे वळून बघितलं, जणू डॉक्टर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते.

"घरात कुणाला आहे? आई-वडलांना?"

"नाय. बापूस गेला तो ऐंशीच्या पुढे. दात शाबूत होते त्याचे."

"कुठलं औषध घेता सध्या?"

"घेत नाय. मारतो."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. दर्शनानं पुढे होऊन सांगितलं, "आंब्यावर मारतात हो. फवारणीला असतात बागेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती वर्षं, तोंडावर काय बांधता, हातमोजे असतात का, जेवायच्या आधी अंघोळ करता का, असं बरंच विचारलं. मग म्हणाले, "हे बघा, आपल्या शरीरात हार्मोन असतात. कुठल्या अवयवानं कधी काय करायचं, त्याचे निरोप ते पोचवतात. काही फवारण्या, काही प्लास्टिकमधली रसायनं त्या निरोपांत ढवळाढवळ करतात, असं आता संशोधनात दिसायला लागलंय. साखर वाढते, थायरॉईड बिघडतं, यकृतात चरबी साठते. तुमची साखर त्यामुळेच वाढली असं मी छातीठोक सांगणार नाही, तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण तोंड-हात झाकल्याशिवाय त्या पंपाला हात लावू नका."

बाहेर आल्यावर भागोजी म्हणाला, "डॉक्टर लोकांना काय, कायतरी बोलायला पाहिजे." तरी गोळ्या मात्र त्यानं नीट घ्यायला सुरुवात केली. महिनाभरानं तो पुन्हा पंपावर गेला. रुमाल जरा घट्ट बांधून, एवढाच फरक.

दर्शनाच्या मनातून ते जाईना. ज्या माणसानं कधी दुसरा लाडू घेतला नाही त्याला साखर! नुसत्या गोळ्यांवर स्वस्थ बसणारी ती नव्हती. आई साखरेवर आंब्याची कोवळी पानं उकळून द्यायची, हे तिला आठवलं. मोबाईलवरही कुणी तरी तेच सांगत होतं. आणि पानांना काय तोटा? मागीलदारच्या दगडांच्या गडग्यापलीकडे पटवर्धनांची कलमं उभी होती. तांबूस, लवलवीत पालवी हाताला येईल अशी लोंबत होती. ती रोज सकाळी मूठभर खुडायची, स्वच्छ धुवायची, पाणी अर्धं होईतो उकळायची आणि कडू, पिवळसर काढा नवऱ्याच्या हातात द्यायची. "नाक दाबा आणि प्या."

पुढच्या खेपेला साखर निम्म्यावर आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. भात कमी केला त्याचाही फायदा झाला. दर्शना त्यांच्यापुढे मान हलवत होती आणि मनात म्हणत होती, साखर कशानं उतरली ते मला ठाऊक आहे.

ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. पहिली आली यमुनाकाकी. शेजारची म्हातारी, नवरा बोटीवर खलाशी होता तो केव्हाच गेलेला, घरात एकटी, आणि साखर जुनी. तिच्या मागून इतर आल्या. रोज ताजी पानं कोण खुडणार, म्हणून बचत गटातल्या बायकांनी पुढच्या आश्विनात आलेली भरघोस पालवी सावलीत वाळवली, दळून तिची पूड केली आणि पुड्या बांधल्या. पुड्या रत्नागिरीपर्यंत गेल्या. बाजारात कुणी तरी दर्शनाला "काढेवाल्या शिवलकरबाई ना?" असं विचारलं, तेव्हा ती घरी येईतो हसत होती.

दिवाळीनंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठातून मृणाली नावाची मुलगी आली. डॉक्टरेटसाठी अभ्यास करत होती. गावोगावचे घरगुती उपाय बघत, झाडपाला गोळा करत हिंडायची. एसटीतून उतरली ती धुळीनं माखलेली; दर्शनानं आधी तिला कोकम सरबत दिलं आणि मग काय काम ते विचारलं.

"काकू, आंब्याच्या पानात मँजिफेरीन नावाचं द्रव्य असतं," मृणाली म्हणाली. "तुमच्या काढ्याला जो पिवळा रंग येतो ना, त्यात ते असतं. साखर, चरबी, यकृत यांवर त्याचा उपयोग होतो का, हे बऱ्याच ठिकाणी तपासतायत. आम्ही उंदरांवर बघतो. हार्मोन बिघडवणारी रसायनं असतात ना, ती उंदरांना थोडी थोडी देतो. मग त्यांची साखर वाढते, यकृत खराब होतं. त्यातल्या काहींना पुढे हे द्रव्य देतो, आणि फरक पडतो का बघतो."

"पडतो?"

"थोडा पडलेला दिसतो. पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. अजून खूप लांब आहोत आम्ही."

दर्शनाला शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. आपल्या आईचा काढा विद्यापीठात! तिनं मृणालीला ताजी पालवी दिली, पूड दिली, बाटलीत काढाही भरून दिला. मृणालीनं गडग्याशी उभं करून तिचा फोटो काढला. संध्याकाळी दर्शना भागोजीला म्हणाली, "बघा, तुम्ही मला वेडी म्हणायचात."

माघात मृणाली परत आली. या वेळी फोन करून, "घरी आहात ना?" असं दोनदा विचारून आली. पडवीत बसली, सरबत घेतलं, पण पेला हातातच धरून राहिली.

"काकू, द्रव्य भरपूर आहे. मी गोळा केलेल्यांपैकी तुमच्या पानांत सगळ्यांत जास्त निघालं."

दर्शनानं टाळी वाजवली. "मग! मी सांगत नव्हते?"

"पण अजून काही निघालं, काकू." मृणालीनं पेला खाली ठेवला. "आमच्या सरांनी सांगितलं, फोनवर बोलू नकोस, समक्ष जा. तुमच्या पानांत फवारणीची औषधं आहेत. एक नाही, बरीच. ताज्या पानात आहेत, पुडीत तर त्याहून जास्त, कारण पान वाळलं की पाणी उडून जातं आणि ती मागे राहतात. काढ्यातही उतरली आहेत."

"असं कसं होईल? मी धुऊन घेते गो. चोळून चोळून धुते."

"वरवरचं जातं धुण्यानं. काही औषधं पानाच्या आतच शिरतात. ती तशीच तर बनवलेली असतात, किड्यानं पान खाल्लं की मरावा म्हणून."

दर्शनानं दोन्ही हात पदराला पुसले. ऐकू येत होतं, पण आत काही उतरत नव्हतं.

"आणि..." मृणालीचा आवाज बारीक झाला. "त्यातली दोन औषधं म्हणजे... आम्ही उंदरांना आजारी पाडायला जी देतो ना, तीच आहेत."

बाहेर रस्त्यानं मासेवाली ओरडत गेली. दर्शनाला वाटलं, आपल्याखालची जमीन कुणी तरी हळूच ओढून घेतंय. वर्षभर रोज सकाळी तिनं स्वतःच्या हातानं तो पेला भरला होता. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं की दटावला होता. "थेंब ठेवू नका खाली," म्हणाली होती.

भागोजी केव्हा दारात येऊन उभा राहिला ते दोघींनाही कळलं नाही. अंगावर फवारणीचे ओले कपडे तसेच होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो उंबऱ्यावरच खाली बसला आणि म्हणाला, "गडग्याकडची कलमं? त्या पालवीवर मीच मारलंय." मग ओल्या बाहीकडे बघत, "दर वेळी मीच मारलंय."

मृणाली समजावत होती. एवढ्या अंशानं माणसाला नक्की काय होतं ते कुणी सांगू शकत नाही, घाबरू नका, पण पिणं थांबवा, आजच थांबवा. दर्शनाच्या कानात फक्त "थांबवा" शिरलं. तिच्या डोळ्यांपुढे वाडीतली घरं आली. प्रत्येक घरात पुडी. ती तशीच उठली, पायात चपला न घालता बाहेर पडली आणि दारोदार सांगत सुटली. "काढा घेऊ नका. पुड्या परत द्या. औषध मारलेली पानं आहेत."

कुणी मुकाट्यानं पुडी आणून दिली. कुणी हसलं. बचत गटातली एक जण संतापली, "आता कोण आपल्या हातचा पापडसुद्धा घेईल? जरा सबुरीनं घ्यायचं होतंस." दर्शना थांबली नाही. शेवटी यमुनाकाकीच्या दारात आली. म्हातारी खाटेवर पाय पसरून बसली होती.

"मी नाय देणार पुडी," काकी म्हणाली. "ह्या काढ्यानंच मी उभी आहे. गोळ्यांचा ताप गेला माझा."

"म्हणजे गो, काकी? गोळ्या?"

"सोडल्या. तुझा काढा असताना गोळ्या कशाला? पावसाळ्यापासून एक घेतली नाय."

दर्शना दारातून आत आली. असं काही होऊ शकतं हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. भागोजीच्या गोळ्या ती स्वतः मोजून द्यायची. लोकही तसंच करत असतील असं धरून चालली होती. विचारलं कुणालाच नव्हतं. आणि मग तिला कुजका वास आला. काकीच्या डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. "वायच ठेच लागलीय," काकी म्हणाली आणि पाय आत ओढू लागली. दर्शनानं चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता.

त्याच दुपारी मृणालीनं आणि तिनं मिळून काकीला रिक्षातून रत्नागिरीला नेली. वाटेत काकी सारखी म्हणत होती, "दुखत नाय गो, काय दुखत नाय." दुखत नव्हतं हेच वाईट होतं, हे नंतर कळलं. अंगठा काढावा लागला. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

डॉक्टर आगाशे चिडले होते, पण ओरडले नाहीत. दर्शना त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. ते म्हणाले, "आंब्याचं पान वाईट नाही. उद्या त्यातून खरंच औषध निघेलही. पण औषध म्हणजे किती, कुणाला, कशाबरोबर हे ठरलेलं असतं, आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. तुम्ही जे दिलंत त्यात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं." मग तिच्याकडे जरा निरखून बघत त्यांनी विचारलं, "भागोजीचे फवारणीचे कपडे कोण धुतं घरी?"

"मीच. दुसरं कोण?"

"हातानं?"

"हातानंच. दगडावर."

"हातमोजे?"

दर्शनाला हसू आलं. कपडे धुवायला हातमोजे! पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिचंही रक्त घ्यायला लावलं. साखर काठावर निघाली आणि थायरॉईड बिघडलेलं. दर्शना दवाखान्याच्या बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही. दमायला होतं, केस गळतात, चाळीशी उलटली की होतंच असं म्हणून तिनं ज्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं, त्याला नाव होतं तर. याचंही कारण डॉक्टर पक्कं सांगू शकत नव्हते. पण तिला आता आपल्याच हातांकडे बघवेना.

रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजी पटवर्धनांकडे गेला. दर्शनाही बरोबर गेली. हरिश्चंद्र पटवर्धन, सगळे त्यांना अण्णा म्हणत, घरापुढच्या खळ्यात आरामखुर्चीत बसले होते. भागोजीनं एका दमात सांगून टाकलं, "अण्णा, मी आता पंप धरणार नाय." मग का ते दर्शनानं सांगितलं.

अण्णा आधी वैतागले. "मोहोर ऐन भरात असताना? आणि फवारणी काय मी हौसेनं करतो? एक फवारणी चुकली तर झाडावर आंबा राहत नाही. ती कसली पूड तुम्ही केलीत, त्याला मी काय करणार?"

तेवढ्यात आतून मनस्विनीवहिनी बाहेर आल्या, अण्णांची बायको. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता.

"दर्शना, तुझी पूड म्हणजे ही ना गो? बचत गटाची?" त्यांनी पेला पुढे केला. तळाशी पिवळा चोथा होता. "मी दोन महिने घेतेय. ह्यांनाही देते सकाळी. ह्यांना सांगितलं नव्हतं, पुदिन्याचा म्हणून देते."

अण्णा खुर्चीतून उठले, पेल्यात बघितलं, आणि पुन्हा बसले. स्वतःच्या बागेत, स्वतः आणून दिलेलं औषध. किती मिलि, कुठल्या महिन्यात, सगळं त्यांनीच ठरवलेलं. "माझ्या घरात?" एवढंच ते म्हणाले. मग पुन्हा, "माझ्याच घरात?" वहिनींनी पेला गडग्यापाशी नेऊन पालथा केला.

एका दिवसात जग बदलत नाही, तसं इथेही काही बदललं नाही. त्या वर्षी फवारणी झाली. अण्णांनी दुसरी माणसं आणली. पण त्यांना अंगभर कपडे, मुखवटे, हातमोजे दिले, आणि ते घातल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही म्हणून स्वतः उभे राहू लागले. वाडीला लागून असलेली कलमं त्यांनी फवारणीतून वगळली. त्यांच्यावर आंबा जवळपास धरलाच नाही. अण्णा ती झाडं बघून हळहळले, पण पुढच्या वर्षीही ती तशीच ठेवणार म्हणाले. भागोजीला त्यांनी कलमं बांधायच्या आणि छाटणीच्या कामावर घेतलं. त्याची साखर गोळ्यांवर ताब्यात आहे. गेली मात्र नाही. जाईल असं आता दर्शनाही म्हणत नाही.

यमुनाकाकी काठी घेऊन चालू लागली. ती दर्शनावर रागावली नाही. याचंच दर्शनाला जास्त लागलं. रोज सकाळी ती काकीच्या घरी जाते, समोर बसून गोळी घ्यायला लावते आणि पाय उलटसुलट करून बघते. मृणालीचं काम चालू आहे. ती आता देवराईतल्या, कधीच फवारणी न झालेल्या रायवळ आंब्यांची पानं नेते. "ह्यातून काही निघालं तर सगळ्यांत आधी तुम्हाला सांगीन," असं ती म्हणाली, तेव्हा दर्शना म्हणाली, "काय नाय निघालं तरी सांग हो."

वैशाखात एकदा दर्शना स्वतःच्या गोळ्या आणायला रत्नागिरीला गेली होती. एसटी स्टँडबाहेर एक बाई कोकमं, आमसुलं, फणसपोळी मांडून बसली होती. कडेला छापील कागदाच्या पुड्या होत्या. त्यांवर आंब्याचं पान, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "मधुमेहावर खात्रीशीर".

दर्शनानं पिशवी खाली ठेवली आणि एक पुडी हातात घेतली.

"ही पानं कुठली?" तिनं विचारलं.

"आमच्याच गावची. आमची बाग आहे ना."

"फवारणी करता?"

"मग! अगदी वेळच्या वेळी," बाई अभिमानानं म्हणाली. "आमच्या बागेत एक पान किडकं दिसायचं नाय तुम्हाला. सगळे नेतात. आमच्या वाडीत तर घरटी घेतात काढा."

दर्शनाची बस फलाटाला लागली होती. कंडक्टर नेवऱ्याच्या नावानं ओरडत होता. तिनं बसकडे बघितलं, मग त्या पुड्यांकडे. बाईचं तोंड हसतमुख होतं, हात रापलेले, नखं कोकमानं लाल झालेली. दर्शनानं पिशवी उचलली, पदर खोचला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बैठक मारली.

"बाय," ती म्हणाली, "तू घेतेस का गो हा काढा? घरातलं कोण घेतं? आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत ना?"

बाईचं हसू हळूहळू मावळलं. "का हो?" तिनं विचारलं.

दर्शना सांगायला लागली. बस निघून गेली. त्यानंतरचीही एक गेली. ती जेव्हा उठली तेव्हा त्या दोघी एकाच बसमध्ये चढल्या, त्या बाईच्या गावाला जाणाऱ्या.